घरच्यांना सांगून ठेवलंय का?

जळगाव जामोदहून तुमचा दोस्त परत माइकवर. (बुलडाण्याचं जळगाव, खानदेशातलं नाही. हे दर वेळी सांगावंच लागतं.) आजचा विषय अवयवदान. भाषण देणार नाही. ज्याला अवयव मिळतो, त्याचं पुढे नेमकं काय होतं, ते बघू.

मोनिका मोरे आठवते? जानेवारी २०१४, मुंबईचं घाटकोपर स्टेशन. लोकल पकडताना ही शाळकरी वयाची मुलगी पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. पुढे कृत्रिम हात आले, पण त्यांना गरम-गार कुठे कळतं? ऑगस्ट २०२० मध्ये, ऐन कोरोनात, चेन्नईतल्या एका मेंदूमृत माणसाच्या घरच्यांनी होकार दिला. ते हात विमानानं मुंबईत आले आणि परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये डॉ. नीलेश सातभाई यांच्या टीमनं ते जोडले.

गोष्ट इथे संपत नाही. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. बोटांपर्यंत जाणीव पोचायला कितीतरी महिने लागतात. सोबत रोजची फिजिओथेरपी. शरीरानं नवा हात परका समजून नाकारू नये म्हणून गोळ्या, त्या जन्मभर. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच समजतं: लाइव्ह गेल्यावरच खरा मेंटेनन्स सुरू होतो.

आता किडनीचं बघा. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनला. खेड्यावरून जाणं-येणं धरलं की दिवस गेला. सोबत आलेल्याची मजुरी बुडते ती वेगळीच. आणि पाणी मोजून प्यायचं, तेही आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात! किडनी मिळाली की गोळ्या-तपासण्या राहतात, पण ते दिवस परत मिळतात. तहान लागली की पोटभर पाणी पिता येतं. बदल म्हणतात तो हा.

मग हे मिळतं कुठून? हृदय, लिव्हर, किडनी मिळू शकतात मेंदूमृत रुग्णाकडून, म्हणजे आयसीयूमध्ये व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाकडून. चार डॉक्टरांचं पॅनेल किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतं, मगच मृत्यू जाहीर होतो. अडचण अशी की छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं. घरच्यांना वाटतं, माणूस आहे अजून. त्यात हृदय काढल्यावर चार-सहा तासांत बसवावं लागतं. विदर्भातल्या अवयवांचं वाटप नागपूरची झेडटीसीसी यादीप्रमाणे करते. कोणाचं कोणाला दिलं, हे गुप्त ठेवतात.

"आपल्या गावात कुठे आयसीयू?" बरोबर. पण डोळ्यांना आयसीयू लागत नाही. मृत्यू घरी झाला तरी सहा तासांच्या आत नेत्रदान होतं. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चालतं. नेत्रपेढीला लगेच फोन करायचा. टीम येईपर्यंत पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, वर ओला कापूस, डोकं उशीनं थोडं उंच. काम अर्ध्या तासात होतं, चेहरा विद्रूप होत नाही. आणि दोन माणसांना दिसू लागू शकतं. कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे रक्तगट जुळवायची सहसा गरज पडत नाही आणि बहुतेकांना जन्मभराच्या गोळ्याही लागत नाहीत.

नोट्टोच्या पोर्टलवर आधारवरून नोंदणी होते, फोनवरच. करा. पण खरी गोम पुढे आहे: त्या वेळी सही घरचे करतात. तुमचं कार्ड खिशात असलं आणि आईनं "नको" म्हटलं, तर विषय संपला. तुम्ही नोंदणी केलीच नसेल, तरी घरचे "हो" म्हणू शकतात. म्हणजे सगळं अडतं ते घरच्यांच्या माहितीवर.

तेव्हा आज रात्री जेवताना सांगून टाका: "आई, मला कधी काही झालं तर माझे डोळे, किडनी, जे कामाचं असेल ते देऊन टाका." आई रागावेल. "अभद्र बोलू नको" म्हणेल. म्हणू द्या. पण तिच्या लक्षात राहील. आणि मग तिलाही विचारा, तिची काय इच्छा आहे.

एवढंच. काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!