मुख्य न्यायमूर्तींचे आसन आणि आपण
(मरोळ येथील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मरोळ नाक्यावर भुयारी गाडीत बसले म्हणजे आता माणूस थेट हुतात्मा चौकात उतरतो, आणि तेथून मुंबईचे उच्च न्यायालय जवळच आहे. रस्ता सोपा झाला. परंतु त्या न्यायालयात मुख्य न्यायमूर्तींच्या आसनावर कोण बसतो, किती दिवस बसतो आणि त्याच्या मागून कोण येतो, ह्याची चौकशी आपण करीत नाही. दावा हरला की नशिबाला बोल लावतो. वास्तविक नशिबाला आपण 1956 मध्येच रजा दिलेली आहे.

हे न्यायालय 1862 मध्ये स्थापन झाले. सर मॅथ्यू सॉस हे त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती. त्यानंतर चाळीस वर्षांनी, 1902 मध्ये, बद्रुद्दीन तय्यबजी ह्यांच्या रूपाने त्या आसनावर प्रथमच एक हिंदी मनुष्य बसला; तोही हंगामी. पुढे हरिलाल कणिया ह्यांनीही हंगामी म्हणूनच काम पाहिले. मुंबईला कायमचे मुख्य न्यायमूर्तिपद ज्यांना मिळाले नाही, तेच कणिया पुढे भारताचे पहिले सरन्यायाधीश झाले! बाबासाहेबांनी 1923 मध्ये ह्या न्यायालयात वकिली सुरू केली. ते तेथे वकील म्हणून उभे राहत त्या काळात कायम मुख्य न्यायमूर्ती इंग्रजच होते. 15 ऑगस्ट 1947 रोजी महंमद करीम छागला त्या जागी आले, तेव्हा ही परंपरा तुटली.

छागला 1958 पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, त्या आसनावर होते. त्यांच्या मागून आलेले चैनानी 1965 पर्यंत राहिले. आता अलीकडचे पाहा. डिसेंबर 2022 मध्ये दीपांकर दत्ता सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर गंगापूरवाला हंगामी. 28 मे 2023 रोजी रमेश धानुका ह्यांनी शपथ घेतली आणि 30 मे रोजी ते निवृत्त झाले. मग जामदार हंगामी, आणि जुलैअखेर देवेंद्रकुमार उपाध्याय. आठ महिन्यांत एका आसनाने पाच माणसे पाहिली. 2025 ह्या एकाच वर्षी उपाध्याय दिल्लीस गेले, आलोक आराधे आले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले, व सप्टेंबरात श्री चंद्रशेखर आले.

ह्यात कोणा व्यक्तीचा दोष नाही. वयाच्या 62 व्या वर्षी निवृत्ती, ज्येष्ठतेचा क्रम, आणि मुख्य न्यायमूर्ती परप्रांतातून आणावयाचा हे 1983 पासूनचे धोरण, ह्या सर्वांचा तो परिणाम आहे. त्या धोरणात मला गुणही दिसतो. बाहेरून आलेल्या माणसाचे येथे गणगोत नसते. परंतु उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी नावे सुचविण्याचे काम मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्या खालचे दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती करतात. जो गृहस्थ काही महिन्यांनी जावयाचा, त्याला लातूरच्या किंवा यवतमाळच्या न्यायालयातून वर आलेला, बापजाद्यांची वकिली पाठीशी नसलेला वकील कोठून ठाऊक असणार? ज्यांची नावे आधीच सर्वांच्या तोंडी आहेत, तीच पुढे जातात. 2018 नंतर देशातील उच्च न्यायालयांत नेमल्या गेलेल्या न्यायमूर्तींमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. हा आकडा सरकारनेच संसदेत सांगितला.

आसनावरील माणसाला काय करता येते, त्याचे उदाहरण मराठवाड्यात आहे. 1981 मध्ये मुख्य न्यायमूर्ती देशपांडे ह्यांनी राज्यपालांच्या संमतीने औरंगाबादेस न्यायमूर्ती बसविण्याचा आदेश काढला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1982 मध्ये तो आदेश वैध ठरला. मुंबईच्या प्रवासाचे भाडे ज्याला परवडत नव्हते, त्या शेतमजुराला त्या एका आदेशाने न्यायालय जवळ आले. कोल्हापूरकरांना मात्र त्यासाठी ऑगस्ट 2025 पर्यंत वाट पाहावी लागली.

आपल्यातील दोन माणसांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. अमरावतीचे भूषण गवई 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले, 2019 मध्ये तेथून सरळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे 2025 मध्ये सरन्यायाधीश झाले. कोणत्याही उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद त्यांच्या वाट्यास आले नाही. निपाणीत जन्मलेले प्रसन्न वराळे ह्यांचे आजोबा बळवंतराव हे बाबासाहेबांचे सहकारी. वराळे मुंबईस चौदा वर्षे न्यायमूर्ती होते, पण 2022 मध्ये मुख्य न्यायमूर्ती झाले ते कर्नाटकाचे. धोरणच तसे, तेव्हा तक्रार कशाची करावयाची? तरी ज्या आसनावरून येथील नावे सुचविली जातात, ते आसन येथील माणसांना ओळखणाऱ्याच्या हाती क्वचितच राहते, हे विसरू नका.

24 मे 1949 रोजी घटना समितीत हाच विषय निघाला होता. नेमणुकांस सरन्यायाधीशांची संमती अनिवार्य असावी, असे काही सभासदांचे म्हणणे. बाबासाहेबांनी ते धोक्याचे ठरविले. सरन्यायाधीश थोर खरा, पण तोही तुमच्याआमच्यासारखाच उणिवा आणि पूर्वग्रह असलेला माणूस आहे, असे त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य होते. सरकारच्या हातीही त्यांनी मोकळा अधिकार दिला नाही. सल्लामसलतीचा मधला मार्ग धरला. 1993 च्या निकालाने नेमणुकीचा शेवटचा शब्द न्यायमूर्तींकडे गेला. सरकारकडे तो पुन्हा द्यावा, असे मी म्हणत नाही. मात्र विचारात घेतलेली नावे कोणती, आणि वगळलेली का वगळली, हे लोकांना कळले पाहिजे.

नोव्हेंबर 2025 मध्ये वांद्र्याला उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची कोनशिला बसली. ती बसविली सरन्यायाधीश गवई ह्यांनी. ते मरोळहून आणखी जवळ पडेल. आपल्या वस्तीतील जी मुले-मुली कायदा शिकत आहेत, त्यांनी पुढच्या सभेस घटनेची प्रत घेऊन यावे. कलम 217 आणि 222 आपण बरोबर बसून वाचणार आहोत.