चवडा गेलेला हमाल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अर्थशास्त्राच्या माणसाने पायाच्या बोटांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण श्रमशक्तीचा हिशेब मांडताना आमच्या शास्त्राने हात पुष्कळ मोजले. दिवसभर उभे राहणारे पाय मोजायचे राहिले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हा आता केवळ गादीवर बसणाऱ्यांचा रोग उरलेला नाही. या रोगात पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा मंदावतो. खडा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि अखेर बोटे किंवा सबंध चवडा काढावा लागतो. टाच राहते. नातलग म्हणतात, ‘थोडक्यात निभावले, पाय वाचला!’

परंतु पाऊल पुढे टाकताना शरीराला रेटा मिळतो तो चवड्याकडून, विशेषतः अंगठ्याकडून. तो गेला की चाल आखूड होते, तोल ढळतो, उरलेल्या पावलावर भार एकवटतो आणि तिथेच पुन्हा जखम होण्याची धास्ती कायम राहते. पाठीवर पोते घेऊन फळी चढणे संपते. भातलावणीच्या चिखलात अनवाणी उतरणे संपते. अर्धे पाऊल गेलेले आणि गुडघ्याखाली पाय गेलेले, अशांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दोघांच्या जीवनमानात फारसा फरक आढळलेला नाही. यावरून पाऊल वाचवू नये, असा अर्थ कोणी काढू नये. ‘थोडक्यात निभावले’ हा आपला समज तेवढा तपासावा.

आता सरकारी कोष्टक पाहा. 2001 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अंगठा गेल्यास 10 टक्के अपंगत्व, सर्व बोटे गेल्यास 20, चवडा गेल्यास 30 आणि पावलाच्या मध्यापर्यंत गेल्यास 40 टक्के धरले होते. सवलतींची रेषा 1995 च्या कायद्यात 40 टक्क्यांवर होती. 2016 च्या कायद्यातही ती तिथेच आहे. (मधल्या काळात ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द तेवढा आला.) म्हणजे या कोष्टकाने चवडा गेलेला हमाल अपंग ठरत नाही, आणि तो हमालही राहत नाही. त्याच चवड्याविना माझ्यासारखा पेन्शनर प्राध्यापक खुर्चीत बसून हे भाषण निवांत लिहू शकला असता. कोष्टक हाड मोजते. बुडालेली मजुरी मोजायला त्यात रकानाच नाही.

उपाय फार दूर शोधायला नको. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम केले. तेच ज्ञान पुढे मधुमेहींच्या उपयोगी पडले. मऊ एमसीआर रबराची चप्पल, गेलेल्या भागाच्या जागी भरणी घातलेला बूट, रोज रात्री तळवा न्याहाळण्याची सवय, एवढ्याने पुष्कळ पावले वाचतात. कुष्ठरुग्णांना ही पादत्राणे सरकारी कार्यक्रमातून मिळतात. मधुमेही मजुरालाही ती प्राथमिक आरोग्य केंद्रात हक्काने मिळाली पाहिजेत.

आणि आपल्या हातातले काम? 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे उभी राहिली. नोंदलेल्या प्रत्येक कामगाराचे तळवे वर्षातून एकदा तपासावेत, आणि चवडा गेलेल्यास तोलाईचे वा नोंदी ठेवण्याचे बैठे काम त्याच मजुरीवर द्यावे, अशी मागणी आपण मंडळांकडे करू. पुढील बैठकीत तिचा मसुदा व्हावा. आकडेमोडीला मी आहेच.