जुनी विंडोज आत घ्या, जागी नको



आज मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दोन-तीन वेळा सांगणार आहे. कुणाकडे कुकरची शिटी होत असेल, कुणी मध्येच उठून गोठ्यात जाऊन येईल, त्यांचीही ती चुकू नये. नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज हवी असेल, तर ती नव्या विंडोजच्या आत बसवा. नवी पुसून तिच्या जागी बसवू नका. आत घ्या, जागी नको.

लांज्याच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम चालतं. झाकणावरची पातळ फिल्मही अजून काढलेली नसते, असा कोरा लॅपटॉप टेबलावर येतो आणि मालक म्हणतो, "ह्यातली विंडोज अकरा उडवा, आपली सात टाकून द्या." ही मागणी वेडेपणाची नाही, हे मी आधी सांगतो. तिच्यामागे खरी गरज असते आणि बहुतेक वेळा ती मराठी अक्षरांची असते.

लग्नपत्रिका, शिमग्याची पत्रकं, नमनाच्या जाहिराती, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांचे वार्षिक अहवाल, हे काम आपल्याकडे वर्षानुवर्षं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये होत आलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, म्हणजे सात, २००१ साली आली. त्यानंतर नवी निघालीच नाही. तिच्या जोडीला श्रीलिपी, आकृती नाहीतर सी-डॅकचं आयएसएम. या जुन्या फॉन्टांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर मराठी अक्षराचं रूप बसवलेलं. फॉन्ट आहे तोवर साटवलीच्या लग्नाची पत्रिका सुरेख दिसते. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या मशिनवर उघडा. गणपतीचं नाव असायचं तिथे एक इंग्रजी कॅपिटल, मग कंस, मग अर्धविराम, मग आणखी एक कंस. गणपतीही नाही आणि नवरीचं नावही नाही. शिवाय या सॉफ्टवेअरला बऱ्याचदा कुलूप असतं, ज्याला आपण डोंगल म्हणतो. ते लावल्याशिवाय काम सुरू होत नाही आणि त्याचा ड्रायव्हर जुन्या ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेला. अकरा तर ३२-बिटमध्ये निघालेलीच नाही.

एवढ्या वर्षांचं काम त्या फायलींत अडकलेलं असताना माणूस म्हणणारच, मला माझी जुनी विंडोज द्या. गरज बरोबर आहे, मार्ग चुकतो आहे. तो कुठे चुकतो तेवढं नीट ऐका.

विंडोज ७ बाजारात आली ऑक्टोबर २००९ मध्ये. आजचा लॅपटॉप तिने पाहिलेलाच नाही. पेनड्राइव्ह लावून तिचं सेटअप सुरू करायला जावं, तर बऱ्याच मशिनवर ते 'स्टार्टिंग विंडोज'च्या पुढे सरकतच नाही. कारण मशिन सुरू करणारा जुन्या पद्धतीचा बायोस नव्या लॅपटॉपांतून जवळजवळ गेलाच आहे. इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की २०२० पर्यंत तो आधार आम्ही काढणार. समजा तुमचं मशिन थोडं मागचं आहे आणि सेटअप सुरू झालं. भाषा निवडायची खिडकी येते आणि टचपॅडवर बोट फिरवलं तरी बाण जागचा हलत नाही. वेगळा माउस लावला तरी तेच, कारण सगळे पोर्ट यूएसबी ३ चे आणि त्यांची ओळख विंडोज ७ ला नाही. कुणी खटपट करून ड्रायव्हर घातलेला खास पेनड्राइव्ह बनवतो आणि कीबोर्डावरून पुढे जातो. मग विचारणा होते, विंडोज कुठल्या डिस्कवर टाकू? खाली यादी रिकामी. डिस्क आत आहे, पण ती एनव्हीएमई जातीची असल्यामुळे विंडोज ७ ला दिसत नाही.

तेही जमवणारे हुशार लोक आहेत, मी नाही म्हणत नाही. पण पुढे वायफाय नाही, आवाज नाही, पडद्याचा उजेड कमी-जास्त होत नाही. चांगल्या पैशाचा लॅपटॉप घेतला आणि त्याचे हातपाय बांधून ठेवले. अहो, याला काय अर्थ आहे?

आपल्याकडे सगळ्यांना पटेल असं सांगतो. काजूचं कलम तुम्ही बांधलं असेल, निदान बांधताना पाहिलं तरी असेल. पिशवीतलं दीड-दोन महिन्यांचं खुंटरोप घेतात. जुन्या, भरवशाच्या झाडाची, वेंगुर्ला चार किंवा वेंगुर्ला सातची काडी घेतात. खुंटरोप कुणी उपटून फेकतं का? त्याची मुळं तशीच ठेवायची, खालची काही पानं ठेवायची, शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची आणि काडीला पाचर करून त्या चिरेत बसवायची. खायचा काजू जुन्या झाडाचा, जमिनीतून पाणी ओढायचं ते नव्या मुळांनी. रोप उपटलं आणि त्याच पिशवीत नुसती काडी खोचली, तर चार दिवसांत ती वाळते. तुमचा नवा लॅपटॉप आणि त्याच्याबरोबर आलेली विंडोज ११, ही मुळं समजा. वायफाय, आवाज, डिस्क, बॅटरी, सगळं त्या मुळांतून येतं. पेजमेकर चालवणारी जुनी विंडोज ही काडी. ती त्या मुळांवर बांधा.

बांधायची कशी? व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते विंडोज ११ मध्ये टाकायचं. ते आपल्या लॅपटॉपच्या आत एक दुसरा, जुन्या धाटणीचा कॉम्प्युटर उभा करतं. त्याला डिस्क म्हणून एक मोठी फाइल देतं, जुना बायोस देतं, जुन्या पद्धतीचं ग्राफिक कार्ड दाखवतं. त्यात विंडोज ७ किंवा एक्सपी ३२-बिट टाकली की तिला आपल्या काळातलंच मशिन मिळाल्यासारखं होतं, तक्रार करत नाही. पडद्यावर एका खिडकीत जुनी विंडोज, बाकीच्या पडद्यावर नवी. यूएसबीचं डोंगल असेल तर ते त्या आतल्या मशिनकडे वळवता येतं आणि बऱ्याच डोंगलांचं काम होतं. डोंगल जुन्या प्रिंटर पोर्टचं असेल, तर मात्र नव्या लॅपटॉपात तो पोर्टच नाही. तिथे जागी बसवूनही उपयोग नव्हता. अशांनी जुनं मशिन सांभाळावं.

काडी आणि खुंट सारख्या जाडीचे लागतात, तसंच इथेही आहे. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हा संसार ओढून चालवू नका. ८ जीबी असू द्या, त्यातली दोन आतल्या विंडोज ७ ला द्या, एक्सपीला एक पुष्कळ झाली. डिस्कवर तीसेक जीबी जागा मोकळी ठेवा. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचं बटण चालू आहे ना, तेवढं पाहून घ्या. काम झालं की आतल्या आत पीडीएफ बनवा, सामायिक फोल्डरमधून बाहेर घ्या आणि प्रेसला पाठवा.

कलम बांधणारा माणूस जोडावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतो आणि काडीवर पिशवीची टोपी घालतो. जोडात पाणी शिरलं की कलम कुजलं. आतल्या जुन्या विंडोजला इंटरनेट हे तसं पाणी आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची केबल काढून टाकायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी काढा. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्ये बंद झाली, सातची १४ जानेवारी २०२० ला. मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवतो ना? जगभर मशिनवरच्या फायलींना कुलपं लागली आणि खंडणी मागितली गेली. त्यावरचा उपाय त्याच वर्षी मार्चमध्ये आलेला होता, तो ज्यांनी घेतला नाही ती मशिन सापडली आणि त्यांत बहुतेक विंडोज ७ चीच होती. आज तर सातला उपाय येणंच थांबलं आहे. बँकेचं काम, मेल, मोबाइलशी जोडणी, सगळं बाहेरच्या अकरामध्ये करा. आतल्या खिडकीत फक्त पत्रिका जुळवा.

मध्येच रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. जुनी विंडोज नव्याच्या आत बसवा. आणि याचा एक फायदा आहे जो जागी बसवून कधीच मिळत नाही. आतलं ते सगळं मशिन, म्हणजे विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, एका फोल्डरमध्ये असतं. मशिन बंद करून तो फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी केला की झाली प्रत. पावसाळ्यात वीज पडून लॅपटॉप गेला, तर दुसऱ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, फोल्डर ठेवा, डोंगल लावा, पत्रिका जिथे थांबली होती तिथून पुढे. एका चांगल्या झाडाच्या काड्या जशा दरवर्षी नव्या खुंटांवर बांधतो, तसं.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. आत घ्यायची विंडोजही स्वतःच्या हक्काची हवी. जुन्या मशिनच्या डब्यावर जे स्टिकर असतं, ते सहसा त्याच मशिनपुरतं असतं. स्वतंत्र विकत घेतलेली प्रत असेल तर ती हलवता येते. आणि नव्या लॅपटॉपवर अकराची प्रो आवृत्ती असेल तर कायदेशीरपणे दहा प्रोवर उतरायचा हक्क आहे, होमवाल्यांना तो नाही. विंडोज दहा ही नव्या लॅपटॉपवर सातपेक्षा सुखाने बसते हे खरं. पण तिचीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. वाढीव दुरुस्त्यांची योजना घरगुती मशिनना वर्षभरापुरतीच आहे.

काहीजणांना जुनी विंडोज नुसती सवय म्हणून हवी असते. स्टार्टचं बटण मध्ये आलं, जीव कासावीस झाला. त्यांना माझं प्रेमाने सांगणं, टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन ते डावीकडे आणा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मशिन हळू चालतं म्हणून जुनी मागत असाल तर रॅम वाढवा. तेवढ्यासाठी कोरा लॅपटॉप फॉरमॅट करणं मला बघवत नाही.

आणि हे सगळं ऐकूनही कुणी जागीच बसवणार असेल, तर त्याला हात जोडून सांगतो, आधी तीन गोष्टी करा. ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन विंडोज ११ चा रिकव्हरी ड्राइव्ह बनवा. लॅपटॉपबरोबर ऑफिस आलं असेल तर ते आधी आपल्या खात्यावर चढवून घ्या. आणि डिस्कला एन्क्रिप्शन आहे का ते पाहा. नव्या मशिनवर ते पुष्कळदा आपोआप चालू असतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की वहीत लिहा, वही कपाटात ठेवा. बायोसमध्ये हात घातल्यावर मशिन कधीकधी तीच की मागतं आणि ती नसेल तर आतले फोटो, हिशेब, सगळं गेलं. विंडोज ११ चा परवाना मदरबोर्डात कोरलेला असतो, म्हणून ती परत टाकता येते. गेलेल्या फायली परत टाकता येत नाहीत.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. एक शेवटचा मुद्दा आहे, तो खरं तर स्वतंत्र भाषणाचा. आत बसवलेली जुनी विंडोज हा जुन्या फायलींसाठीचा उपाय. नवा मजकूर मात्र आजपासून युनिकोडमध्ये टाइप करा. देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये चालते. तो मजकूर मोबाइलवर वाचता येतो, शोधता येतो, उद्याच्या कुठल्याही मशिनवर उघडतो. जुन्या फायलींचा मजकूर युनिकोडमध्ये उतरवणारे कन्व्हर्टरही आहेत. ते नव्वद टक्के काम करतात म्हणा, पण रफार सरकतो, 'ऱ्या' मोडतो, जोडाक्षर सुटं पडतं. तिथे माणसानेच ओळ न् ओळ वाचावी लागते. मंडळाच्या जुन्या अहवालांपासून सुरुवात करावी असं मला फार वाटतं, कारण त्यांत वाडीच्या सगळ्या घरांची नावं आहेत, देणग्या आहेत, कोण कधी गेलं त्याच्या नोंदी आहेत. सुट्टीत गावी आलेल्या मुलांना एकेक अहवाल वाटून द्या, एकाने मूळ छापील प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर... बरं, थांबतो इथे.