वकिलाचा शिक्का आणि आतला कागद

आज कोडिंग बाजूला ठेवून एका डेटाबेसबद्दल बोलूया. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं सिगारेट कंपन्यांचे आतले कागद ऑनलाइन ठेवलेत. 1 कोटी 40 लाखांहून जास्त दस्तऐवज, आणि फोनवरूनही शोधता येतात. मला त्यात सगळ्यात जास्त गुंतवलं ते वकिलांच्या कागदांनी.

उदाहरण सांगतो. जुलै 1963. ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीचे मुख्य वकील एका टिपणात स्पष्ट लिहितात की निकोटिनचं व्यसन लागतं, आणि आपला धंदा तेच विकायचा आहे. आता एप्रिल 1994 मध्ये या. सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकेच्या काँग्रेससमोर शपथेवर सांगतायत, निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. मधे जवळपास 31 वर्षं गेली!

हे इतकी वर्षं लपलं कसं? वकील आणि अशील यांच्यातला सल्ला गोपनीय असतो, समोरच्या पक्षाला तो मागता येत नाही. नियम चांगलाच आहे हो, नाहीतर वकिलाला खरं कोण सांगेल? पण कंपन्यांनी संशोधनाचे कागदच वकिलांच्या हातून फिरवले. मजकूर प्रयोगशाळेचा, शिक्का वकिलाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर फाइल तीच, फक्त परमिशन बदलली.

हे फुटलं मे 1994 मध्ये. त्या विद्यापीठातल्या प्राध्यापक स्टँटन ग्लांट्झ यांच्याकडे एक खोकं आलं, आत हजारो पानं. पाठवणाऱ्याचं नाव ‘मिस्टर बट्स’, म्हणजे एका कॉमिक स्ट्रिपमधली चालती-बोलती सिगारेट! वरचं 1963 चं टिपण त्यातच होतं. कंपनीनं कागद परत मागायला कोर्ट गाठलं, हरली, आणि जुलै 1995 मध्ये ती पानं वेबवर आली.

पण खोकं म्हणजे नशीब झालं. खरं काम केलं मिनेसोटा राज्याच्या खटल्यानं. तिथल्या न्यायाधीशांनी गोपनीयतेच्या दाव्यांचा गैरवापर झाल्याचं म्हटलं, आणि एप्रिल 1998 मध्ये असे सुमारे 39,000 दस्तऐवज उघडे करावे लागले. कारण साधं आहे: फसवणूक पुढे रेटायला वकिलाचा सल्ला वापरला, तर त्याला संरक्षण मिळत नाही. पुढच्याच महिन्यात तडजोड झाली, 6 अब्ज डॉलर्सहून जास्त रकमेची. मला विचाराल तर त्या पैशांपेक्षा तडजोडीतली दुसरी अट भारी होती. कागद लोकांसाठी खुले ठेवायचे!

शोधणार असाल तर एक टिप. पानं स्कॅन केलेली आहेत, त्यामुळे मशीननं वाचलेल्या मजकुरात स्पेलिंगचा गोंधळ असतो. एकाच शब्दावर अडून बसू नका. प्रत्येक पानावर कोर्टासाठी मारलेला एक क्रमांक असतो, त्याला बेट्स नंबर म्हणतात. एखादं पान सापडलं की त्याच्या आधीचा आणि नंतरचा नंबर टाकून बघा. शेजारचे कागद बरेचदा त्याच फाइलमधले निघतात.