बेरिलियमची धूळ आणि कामगाराचे आरोग्य

(भाषणाचा मजकूर)



पाचू हे रत्न सर्वांच्या परिचयाचे आहे. पाचू हा बेरिल या खनिजाचाच एक प्रकार होय. ‘बेरिल’ हे नावही मूळचे आपल्याच भूमीतील असून संस्कृत ‘वैडूर्य’ या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. या खनिजात एक नवे मूलद्रव्य असल्याचे वोकेलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९८ साली दाखवून दिले. तेच बेरिलियम.

हा धातू अॅल्युमिनियमपेक्षा हलका, परंतु पोलादापेक्षाही ताठ आहे. तांब्यात तो सुमारे दोन टक्के मिसळला, तर उत्तम स्प्रिंगा आणि ठिणगी न पाडणारी हत्यारे तयार करता येतात. अणुभट्ट्या, कृत्रिम उपग्रह, विमाने व विद्युत उपकरणे यांत त्याचा उपयोग होतो. घडविलेली अखंड वस्तू हाताळण्यात सहसा धोका नसतो. धोका आहे तो धातू वितळविताना, घासताना, कापताना उडणाऱ्या धुळीत व धुरात.

ही धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली म्हणजे काही कामगारांचे शरीर तिला शत्रू मानू लागते. फुप्फुसात बारीक गाठी धरतात, दम लागतो, कोरडा खोकला येतो, वजन घटते. काम सोडल्यानंतर अनेक वर्षांनीही हा आजार डोके वर काढू शकतो. औषधाने त्याचा वेग मंदावतो, तो समूळ बरा मात्र होत नाही. बेरिलियममुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हेही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ साली मान्य केले.

हे ज्ञान कामगारांच्या प्राणांचे मोल देऊन मिळाले आहे. पूर्वी ट्यूबलाइटच्या आतील लेपात बेरिलियमचे संयुग वापरीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सेलम येथे अशा दिव्यांच्या कारखान्यातील कामगार, त्यांत कित्येक तरुण स्त्रिया, दम्यासारख्या विकाराने खंगू लागल्या. आरंभी हा कारण न कळणारा निराळाच आजार समजला गेला. डॉ. हॅरिएट हार्डी यांनी रुग्णांना त्यांच्या कामाविषयी विचारले आणि १९४६ साली सहकाऱ्यासह सतरा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये तेथील दिव्यांतून बेरिलियम हद्दपार झाले.

प्रश्न उरला तो इतर कारखान्यांचा. हवेत बेरिलियम किती असले तर चालेल? १९४९ च्या सुमारास अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने एक घनमीटर हवेत दोन मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरविली. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ही मर्यादा रुग्णांच्या अभ्यासातून आलेली नव्हती. इतर विषारी धातूंच्या मर्यादांवरून केलेला तो एक अंदाज होता. टॅक्सीतून बैठकीस जाताना दोघा तज्ज्ञांत तो ठरला, अशी आठवण त्यांपैकीच एक मेरिल आयझेनबड यांनी पुढे सांगितली. त्या मर्यादेमुळे तीव्र विकार जवळजवळ थांबले, हे खरे. परंतु अंदाजाला पुढे नियमाचे रूप आले आणि १९७१ पासून तो तेथील सर्वसाधारण उद्योगांनाही लागू झाला.

१९८० नंतर रक्ताची एक नवी तपासणी प्रचारात आली. रक्तातील पांढऱ्या पेशी बेरिलियमच्या संपर्काने वाढू लागतात काय, हे तीत पाहतात. तेव्हा मर्यादेच्या आत काम चालणाऱ्या ठिकाणीही बाधित कामगार आढळू लागले. अखेर २०१७ साली अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा दहापटीने उतरवून ०.२ मायक्रोग्रॅमवर आणली. एका अंदाजाची दुरुस्ती होण्यास सुमारे अडुसष्ट वर्षे लागली!

इतकी सूक्ष्म धूळ डोळ्यांना दिसत नाही व तिला वासही नाही. म्हणून मोजमाप अटळ ठरते. कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधतात व त्याची नळी गळपट्टीपाशी, म्हणजे नाकातोंडाजवळ बसवितात. पाळीभर तेथील हवा गाळणीतून ओढली जाते आणि गाळणीवर साचलेली धूळ प्रयोगशाळेत तपासतात. केवळ भिंतीवर उपकरण टांगल्याने कामगाराच्या श्वासात काय जाते हे कळत नाही, कारण धूळ त्याच्या हातांपाशीच उठत असते. टेबले व यंत्रे पुसून घेतलेले नमुनेही तपासावे लागतात.

मापनानंतर बंदोबस्त येतो व त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. शक्य तेथे दुसरा पदार्थ वापरावा. ते न साधल्यास यंत्र बंदिस्त करावे आणि धूळ उठते तेथेच ती ओढून घेणारी व्यवस्था बसवावी. कोरडी झाडलोट करू नये, कपड्यांवर किंवा यंत्रावर हवेचा झोत मारू नये. ओल्या पद्धतीने अथवा अतिसूक्ष्म गाळणीच्या व्हॅक्यूम यंत्राने सफाई करावी. तोंडावरचा मास्क हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे.

कारखान्याचे दार हीच या धुळीची सीमा नसते. ओहायो राज्यातील लोरेन येथे कारखान्यात कधीही पाऊल न टाकलेले शेजारचे रहिवासी आजारी पडल्याचे १९४० नंतरच्या दशकात आढळले. कामगाराचे कपडे घरी धुणाऱ्या स्त्रीलाही हा रोग जडला होता. म्हणून कामाचे कपडे कारखान्यातच ठेवणे व स्नान करूनच घरी जाणे, ही कुटुंबाच्या रक्षणाची बाब ठरते.

आपल्या राज्यालाही हा विषय परका नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने नवी मुंबईत वाशी येथे बेरिलियमवर प्रक्रिया करणारे संयंत्र उभारले. बेरिलियमच्या विषबाधेची गणना १९४८ च्या कारखाना अधिनियमाखालील अधिसूचित रोगांत करण्यात आली होती. मोठ्या संस्थांपाशी प्रयोगशाळा असतात. लहान कार्यशाळांपाशी त्या नसतात. जुन्या विद्युत उपकरणांच्या जोडण्यांत व स्प्रिंगांत बेरिलियमयुक्त तांबे असू शकते. तो माल घासणाऱ्या वा वितळविणाऱ्या माणसाला त्याचे नावही ठाऊक नसते.

येथेच अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साह्य मोलाचे ठरेल. दीर्घकाळ दम व खोकला असलेल्या रुग्णाची क्षयरोगाची तपासणी अवश्य व्हावी. परंतु तपासणीत क्षयाचे जंतू न आढळल्यास अथवा उपचारांनी गुण न आल्यास तेवढ्यावर थांबू नये. ‘आपण काय काम करता आणि पूर्वी काय करीत होता?’ हा प्रश्न त्याला विचारला जावा व उत्तर त्याच्या कागदावर नोंदले जावे. सेलमच्या रुग्णांचा रोग ओळखला गेला, तो याच साध्या प्रश्नाने. तो विचारण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.