कसणे आणि राखणे

सदाशिव पेठेत जमिनीचे मोल चौरस फुटांवर ठरते. जो ती उद्या विकणार, तो परवाची चिंता कशाला करील? सरकारी मालकीनेही जतन होतेच असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाच्या जंगलातला बांबू सरकारने कागद कारखान्याला तोडू दिला होता. गावाने त्याविरुद्ध लढा दिला. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०१३ साली गावकऱ्यांनी आपली शेतजमीनही ग्रामदान करण्याचा निर्णय घेतला. ग्रामदानात कसणारा तोच राहतो. मालकी मात्र गावाची होते, परक्याला विक्री होत नाही. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा न्याय्यच होती. ‘राखील त्याची जमीन’ हा तिचा उत्तरार्ध आहे.