टीव्हीचा आठवडा आणि आपला आठवडा

 

आज मी टीव्हीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, रेडिओवर बसून टीव्हीच्या गप्पा कशाला? तर त्याला कारण आमची बैठक.

आमच्या बचत गटाची बैठक दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता देवळाच्या ओट्यावर असायची. बारा जणी आहोत. आधी बाराच्या बारा यायच्या. मग नऊ यायला लागल्या, मग सात, शेवटी पाच. बाकीच्यांचा हप्ता पोराच्या हाती यायचा. एकदा पाचच जणींनी कर्जाचा निर्णय घेतला आणि बाकीच्या रुसल्या. अध्यक्षताईंनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "अडचण काय आहे ते तरी सांगा." तेव्हा एक मावशी खरं बोलल्या. म्हणाल्या, "अडचण काही नाही गं माय. सातला माझी मालिका असते. दिवसभरात तेवढा एक तास माझा."

आम्ही सगळ्या हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. दिवसभरात एकच तास तिचा, आणि तो तास कधी असावा हेही ठरवणार दुसरंच कुणीतरी. तिची मालिका सातला लागते हे तिनं ठरवलेलं नव्हतं.

माझं लग्न १९८८ साली झालं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं. त्याच्या आधी 'रामायण' झालं होतं. गल्लीत टीव्ही एकच, तोही काळापांढरा. रविवारी सकाळी लवकर अंघोळी उरकून सगळे त्या घरी जायचे. आम्ही सुना दाराच्या आतल्या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन उभ्या. घरातला मुलगा माळवदावर चढून अँटिना फिरवायचा. "आलं का?" "आलं, आलं! थांब, गेलं!" वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावायची.

तेव्हा टीव्हीचा आठवडा आखलेला होता. बुधवारी 'चित्रहार', रविवारी सकाळी महाभारत, रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट. संध्याकाळी मुंबई केंद्रावर शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं'. मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आपल्या भागात टीव्ही यायला बरीच वर्षं गेली. वाहिनी एक, वेळ थोडा. उरलेला आठवडा आपला असायचा. तो काळ फार चांगला होता असं मी म्हणत नाही. आम्ही दाराआड उभ्या राहूनच बघत होतो. पण टीव्ही कधी लागणार आणि कधी बंद होणार हे सगळ्या गावाला माहीत होतं.

पुढं १९९३ च्या भूकंपानंतर आमच्याकडची माळवदं गेली, पत्रे आले. पत्र्यांवर पुढं छत्र्या आल्या. १५ ऑगस्ट १९९४ ला दूरदर्शनची मराठी वाहिनी सुरू झाली, तीच आजची सह्याद्री. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, तिचं पुढं झी मराठी झालं. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली, ती आता कलर्स मराठी. 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. माझ्या पोरीची अख्खी शाळा त्या एका मालिकेत झाली म्हणा ना. आता टीव्ही कधी बंदच होत नाही. पूर्वी टीव्हीचा आठवडा आपल्या आठवड्यात बसायचा. आता आपला आठवडा त्याच्यात बसवावा लागतो.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका. आपण टीव्ही बघतो, तसं टीव्हीवालेही आपल्याकडे बघत असतात. देशभरात काही हजार घरांत टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं. त्या घरात कुणी, किती वेळ, कोणती वाहिनी बघितली हे ते नोंदवतं. हे काम 'बार्क' नावाची संस्था करते. तिचा आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो, आणि त्याचा निकाल पुढच्या गुरुवारी लागतो. त्यालाच आपण टीआरपी म्हणतो. ऑक्टोबर २०१५ पासून या मोजणीत खेड्यांचे आकडेही यायला लागले. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीचं बघणंही हिशोबात धरलं जातं. आकडा चांगला असेल तर मालिका लांबते, सुनेचं दुखणं वाढतं, गेलेला माणूस परत येतो. आकडा पडला की मालिका आटोपती घेतात.

आणि हा आकडा कशासाठी? तर जाहिरातींसाठी. केबल टीव्हीच्या नियमाप्रमाणे एका तासात जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात. आता आपल्या गटाच्या पद्धतीनं हिशोब करू. रोज तीन तास टीव्ही बघितला, तर जाहिराती ३६ मिनिटांपर्यंत. सात दिवसांच्या २५२ मिनिटं. म्हणजे आठवड्याला चार तास आणि वर १२ मिनिटं. एवढ्या वेळात आपल्या गटाच्या चार बैठका होतील.

तिकडं आपला आठवडा मिनिटामिनिटानं मोजतात. आपण मात्र दहा रुपयांचा हिशोब वहीत लिहितो आणि वेळेचा लिहीत नाही. म्हणून आम्ही एक वही केली. सात दिवसांच्या सात ओळी आणि चार रकाने. काय बघितलं, किती वेळ बघितलं, रिमोट कुणाच्या हातात होता, आणि बघताना हाताला दुसरं काम होतं का. जिला लिहिता येत नव्हतं तिचं तिच्या नातीनं लिहून दिलं.

आठवड्यानं वही उघडली तर पहिल्यांदा आम्हीच गप्प झालो. आम्हाला वाटलं होतं, बाया फार टीव्ही बघतात असं निघेल. निघालं वेगळंच. बहुतेकींच्या शेवटच्या रकान्यात काम होतंच. टीव्ही चालू आहे आणि ती शेंगा फोडतेय, तांदूळ निवडतेय, भाकरी थापतेय. बघणं कमी, ऐकणंच जास्त. आणि रिमोटच्या रकान्यात सासरे, मालक, मुलगा, नातू. स्वतःचं नाव फार थोड्या ठिकाणी. नुसतं बसून, हात रिकामे ठेवून बघितलेला वेळ शोधावा लागत होता.

हे आमच्याच घरांतलं नाही. सरकारनं २०१९ साली देशभर वेळेची पाहणी केली. घरातल्या बिनपगारी कामाला बाईचे तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, पुरुषाचे ९७. हे काम रोज करणाऱ्या माणसांचे आकडे आहेत. बाईचे पाच तास, पुरुषाचा दीड तास. म्हणून टीव्हीपुढं बसलेल्या बाईला कुणी आळशी म्हणालं तर त्याला हे दोन आकडे सांगा. मालिका बघणं हा गुन्हा नाही. मन रमतं, चार घटका दुःख विसरतं. मावशींचा तो एक तास मला त्यांच्याकडून काढून घ्यायचा नाही. तो खऱ्या अर्थानं त्यांचा व्हावा एवढंच म्हणायचं आहे.

आता माझ्या घरची गोष्ट. २०२० चा ऑक्टोबर तुम्हाला आठवत असेल. महिन्याच्या मध्यावर असा पाऊस आला की ओढे रानात शिरले. आमचं सोयाबीन कापून रानात वाळायला टाकलेलं होतं. सगळं पाण्यात गेलं. त्या वेळच्या पीकविम्याच्या नियमात नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं होतं. ७२ तास म्हणजे तीन दिवस. पलीकडच्या वस्तीवरच्या माझ्या चुलत जाऊबाईंनी हे टीव्हीवर शेतीच्या कार्यक्रमात ऐकलं आणि त्याच दिवशी मुलाकडून फोनवर कळवलं. टीव्ही आमच्याही घरी चालूच होता. पण त्या वेळेला आमच्याकडं कालच्या मालिकेचा पुन्हा लागलेला भाग बघत होते. मीही तिथंच होते, चुलीपुढं. आम्हाला पाचव्या दिवशी कळलं, तेही जाऊबाईंकडून. तोवर मुदत गेली होती.

त्या हंगामाच्या पीकविम्याचं भांडण पुढं कोर्टापर्यंत गेलं, ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. त्याबद्दल मी बोलत नाही. मी आमच्या घरातल्या त्या चार दिवसांबद्दल बोलतेय. घरात टीव्ही होता, वीज होती, बातमी त्याच डब्यात होती, आणि ती आमच्यापर्यंत आली नाही. विम्याचे नियम तर हंगामागणिक बदलतात. मागच्या वर्षीचं ऐकलेलं या वर्षी चालेलच असं नाही.

म्हणून आमच्या गटानं काय केलं ते सांगते. तुम्हाला पटलं तर तुम्हीही करा.

पहिली गोष्ट, आम्ही वाटे केले. भिशीला जसा नंबर असतो तसा. सहा वार, प्रत्येक वाराला दोघी. आपल्या वारी त्या दोघींनी शेतीचा कार्यक्रम आणि जिल्ह्याच्या बातम्या ऐकायच्या आणि कामाचं काही असेल तर गटाला सांगायचं. सह्याद्रीवर शेतीचे कार्यक्रम असतात. २६ मे २०१५ पासून डीडी किसान ही शेतीचीच वाहिनी आहे, पण ती हिंदीत जास्त असते. ऐकलेलं नीट समजलं नाही तर किसान कॉल सेंटरला फोन करायचा, १८००-१८०-१५५१. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. रोज एकीनं सगळं ऐकायची गरज नाही. बारा जणींनी मिळून आठवडा ऐकायचा.

दुसरी गोष्ट, मालिकेचा भाग पुन्हा लागतो. रात्रीचा भाग बहुतेक वाहिन्या दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी परत दाखवतात. त्या वेळा वहीत लिहून ठेवल्या. सोमवारचा भाग मंगळवारी दुपारी बघता येतो, सोमवारची बैठक मात्र मंगळवारी परत लागत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. दर महिन्याला छत्रीचं किंवा केबलचं रिचार्ज होतं. २०१९ पासून हव्या त्या वाहिन्या निवडून तेवढ्याचेच पैसे भरायची सोय आहे, आणि प्रत्येक वाहिनीची किंमत दाखवणं बंधनकारक आहे. आमच्यातल्या किती तरी जणींना आपण कोणत्या वाहिन्यांचे पैसे भरतो हेच माहीत नव्हतं. एकीच्या घरी कुणाला न कळणाऱ्या भाषांतल्या वाहिन्या निघाल्या. शिवाय दूरदर्शनची फ्री डिश आहे, २००४ पासून. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं काही भरायचं नाही. सह्याद्री त्यावर दिसते. बाकीच्या खासगी वाहिन्या बदलत राहतात, म्हणून घेण्याआधी कोणत्या मराठी वाहिन्या दिसतात ते दुकानात लावूनच बघा.

चौथी गोष्ट मुलांची. टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा २० जुलै २०२० पासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायची, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ज्या घरात मोठा मोबाईल नव्हता त्या घरातलं लेकरूही त्या काळात टीव्हीपुढं बसून शिकलं. म्हणजे डबा वाईट नाही. पण परीक्षेच्या दिवसांत लेकरू एका कोपऱ्यात पुस्तक धरून बसलंय आणि दुसऱ्या कोपऱ्यात टीव्हीवर भांडण चाललंय, असं आपल्या एका खोलीच्या घरात होतं. त्या दिवसांसाठी घरात सगळ्यांनी बसून टीव्ही बंद ठेवायची वेळ ठरवा. सगळ्यांनी म्हणजे सासऱ्यांनी आणि मालकांनीसुद्धा.

पाचवी गोष्ट, आपण तक्रार करू शकतो. एखाद्या कार्यक्रमात बाईला मारहाण मजेची म्हणून दाखवली, जातीवरून हिणवलं, तर नुसतं नाक मुरडून थांबू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्या वाहिनीकडं लेखी तक्रार करता येते आणि वाहिनीला ती १५ दिवसांत निकाली काढावी लागते. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ लिहा. एकीच्या सहीपेक्षा गटाच्या बारा सह्या केव्हाही जड. ते आपला आकडा मोजतात ना, मग आपल्या सह्याही मोजू देत.

आता आमच्या बैठकीचं काय झालं ते सांगते आणि थांबते. वही बघून आम्ही बैठक सोमवारीच ठेवली, पण दुपारी तीनला. शेतीच्या हंगामात रात्री जेवणं झाल्यावर. मागच्या सोमवारी अकरा जणी होत्या. बारावी बाळंतपणाला माहेरी गेली आहे. आणि त्या मावशी सातला मालिका बघतात, अजूनही. फक्त त्यांनी घरी सांगून टाकलंय, "सात ते साडेसात मला कुणी हाक मारायची नाही. चहा हवा असेल तर आपापला करून घ्या." पहिल्या दिवशी घरात सगळे बघतच राहिले म्हणे. दुसऱ्या दिवशी मुलानं चहा केला. साखर जास्त पडली होती, पण मावशींनी तो बसून प्यायला.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक वही आणा, सात ओळी आखा, आणि आठवडाभरानं ती सगळ्यांसमोर उघडा. काय निघालं ते आम्हाला या रेडिओवर येऊन सांगा. वाट बघते.